पडद्यावरचे अक्षर आणि पाटीवरचे अक्षर

शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅब व प्रोजेक्टर यांच्या साहाय्याने अध्यापन सुरू केले, तेव्हा ती शाळा पाहावयास दूरदूरच्या शाळांतील शिक्षक येऊ लागले. पुढे लोकवर्गणीतून अनेक खेड्यांत अशी साधने आली. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाल्यावर या कार्यास वेग आला. ठाणे जिल्ह्याच्या शाळांत साधन आहे किंवा नाही, हा आता मुख्य प्रश्न नव्हे. त्या साधनापुढे बसलेले पहिलीचे मूल वाचावयास व लिहावयास शिकते काय, हा खरा प्रश्न होय.

पडद्याचे काही गुण निर्विवाद आहेत. अक्षर हातभर मोठे दिसते, शेवटच्या रांगेतील मुलासही दिसते आणि त्याचे वळण कोठून सुरू होऊन कोठे संपते हे पुनःपुन्हा दाखविता येते. परंतु पाहणे म्हणजे लिहिणे नव्हे. बोटांना वळण लागते ते पाटीवर, वाळूत व वहीत. म्हणून चित्रफीत तीन-चार मिनिटे दाखवून थांबवावी व लगेच पाट्या हाती द्याव्यात. चित्रफीत तासभर चालू ठेवून मुले शांत बसली याचे समाधान मानणारा वर्ग शांत असतो एवढेच.

एका बारीकशा गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाठ्यपुस्तकातील ‘ल’ पाकळीचा असतो. संगणकावर पुष्कळदा दंडाला जोडलेला, हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. ‘श’चेही तसेच. मोठ्या माणसास हा भेद जाणवत नाही. परंतु ज्याला अक्षर अद्याप पुरते ओळखीचे झालेले नाही, त्या मुलास ती दोन निराळी अक्षरे वाटतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण वळणे ठरवून दिली आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेत एकच असल्याने कोणते वळण दिसावे हे टंकावर, म्हणजे फॉन्टवर, अवलंबून असते. ‘मंगल’ टंकात हिंदी वळण येते. तेव्हा स्वतः तयार केलेला मजकूर पडद्यावर नेण्यापूर्वी शिक्षकांनी ‘लगोरी’ व ‘शाळा’ हे दोन शब्द टंकून पाहावेत आणि मराठी वळणाचा टंक निवडावा. बाहेरून आलेल्या चित्रफितीत असा ‘ल’ आढळल्यास, ‘हाही लच’ असे आधीच सांगून फळ्यावर दोन्ही लिहून दाखवावेत.

कळफलकाचा उपयोग तिसरीपासून पुढे विशेष होतो. हाताने ‘चिमणी’ लिहिताना वेलांटी आधी काढली जाते. कळफलकावर मात्र आधी ‘च’ व मग वेलांटी. उच्चारात जो क्रम आहे तोच येथे आहे. वेलांटी कोणत्या अक्षराची, याविषयी गोंधळणाऱ्या मुलांकडून असे दहा शब्द टंकून घ्यावेत. ‘पुस्तक’ टंकताना ‘स’, मग पायमोडीचे चिन्ह, मग ‘त’ असे क्रमाने दाबावे लागते. जोडाक्षरात ‘स’चा ‘अ’ गळतो, हे फळ्यावर सांगून जे पटत नाही ते येथे सहज पटते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा, यांतील ‘र’ टंकण्याची रीत निराळी आहे. मुरबाडच्या मुलांना माळशेजच्या दऱ्या परिचित असतात. त्यांना हा भेद निराळा शिकवावा लागू नये. बोललेले आपोआप लिहून देणाऱ्या सोयीपासून मात्र या वयात मुलांना दूर ठेवणेच इष्ट. तेथे लिहिण्याचे काम यंत्र करते.

जिल्ह्यातील मुलांची घरची बोली एक नाही. शहापूर-मुरबाडकडे कातकरी, ठाकूर व वारली समाजांची मुले, कल्याण-भिवंडीच्या बाजूस आगरी बोलणारी, डोंबिवलीच्या परिसरात तर हिंदी, गुजराती कुटुंबांतीलही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलास पडद्यावर ‘पाणी’ ऐकविले की ते गप्प होते, आणि गप्प झालेले मूल वाचत नाही. येथे तयार चित्रफितीपेक्षा साधा भ्रमणध्वनीच अधिक उपयोगी. मुलास काल पाहिलेली एखादी गोष्ट सांगू द्यावी, ती त्याच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावी, त्यातील चार वाक्ये मोठ्या अक्षरांत पडद्यावर टंकावीत व सर्वांनी ती वाचावीत. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये प्रमाण मराठीत शेजारी मांडावीत. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाड येथे, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांच्या भोवतालच्या वस्तूंतून शिक्षण उभे केले, त्याचेच हे यंत्रयुगातील रूप समजावे. (१ ऑगस्ट २०१४ पासून कोसबाड पालघर जिल्ह्यात आहे.)

ध्वनिमुद्रणाचा आणखी एक उपयोग आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे प्रकट वाचन मुद्रित करून ठेवावे. दिवाळीनंतर तोच उतारा पुन्हा वाचून घ्यावा. दोन्ही वाचने त्या मुलास व त्याच्या पालकांस ऐकवावीत. स्वतः अक्षर न ओळखणारी आईसुद्धा मूल कोठे अडखळत होते आणि आता कोठे अडखळत नाही, हे कानांनी ओळखते.

राहिला विजेचा व जोडणीचा प्रश्न. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडांचे साहित्य ‘दीक्षा’ मंचावरून आदल्या दिवशीच उतरवून ठेवावे. ज्या दिवशी वीज नसेल त्या दिवसासाठी मुलांनी सांगितलेली वाक्ये जाड कागदावर लिहून वर्गात टांगलेली असावीत.