घाणेरी

कोयनानगरच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना एक झुडूप दिसते. त्याला लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचे गुच्छ येतात. फुले सुंदर, पण पान चुरगळले की उग्र वास येतो. म्हणून लोक त्याला घाणेरी म्हणतात. कोणी टणटणीही म्हणतात. हे झुडूप मूळचे अमेरिकेतले. इंग्रजांनी ते १८०९च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत लावले. तेथून ते देशभर पसरले.

एका वर्षी मे महिन्यात आमच्या शेजारच्या खालांची गाय, कबरी, चारा खाईना. डोंगरावरचे गवत वाळले होते. ओढ्याकाठची घाणेरी तेवढी हिरवी होती. एरवी गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण कबरी नुकतीच कऱ्हाडच्या बाजारातून आणलेली, आणि भुकेलेली.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची कातडी सोलू लागली. काळी कातडी मात्र तशीच होती. ती उन्हात उभी राहीना.

"कुणाची तरी नजर लागली," खाला रडत म्हणाल्या. त्यांचे घर दुधावरच चाले.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारले, "ही घाणेरीत चरली का?" मग ते म्हणाले, "त्या पानांच्या विषाने यकृत बिघडते आणि कावीळ होते." यकृत म्हणजे जिगर आणि कावीळ म्हणजे यरकान, हे मी खालांना सांगितले. हिरव्या चाऱ्यापासून गुरांच्या पोटात एक रंगद्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले की ते कातडीत साठते आणि ऊन लागताच कातडी भाजते. काळ्या कातडीत ऊन फारसे शिरत नाही.

"पाने अजून पोटात आहेत. आजारी गुराचे पोट हलत नाही, म्हणून विष रोज थोडे थोडे रक्तात जाते," असे सांगून डॉक्टरांनी औषधी कोळशाची पूड पाण्यातून पाजली, सलाइन लावले आणि गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधायला सांगितली.

कबरी वाचली, पण दूध आटले ते आटलेच.

हिमालयातील कुमाऊँ भागात तर दिसायला नाजूक असा एक नेचा वर्षानुवर्षे खाऊन गुरांच्या लघवीतून रक्त जाते. त्यातील विष शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ओळखले. ते दुधातही उतरते. घाणेरी निदान वासाने तरी कळते!

खाला आता उन्हाळ्याआधीच ओढ्याकाठची घाणेरी मुळासकट खणतात. नुसती तोडली तर ती पुन्हा फुटते. नवे जनावर आणले की त्या आधी त्याला गोठ्यातच पोटभर वैरण घालतात आणि मगच रानात सोडतात.