घटक ५ : डिजिटल एसएलआर कॅमेरा : प्रकाशमापन आणि माणसाचा चेहरा

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण ॲपर्चर, शटरवेग आणि आयएसओ या तीन संज्ञांचा परिचय करून घेतला. कॅमेरा चांगला आहे, लेन्स स्वच्छ आहे, हातही स्थिर आहे आणि तरीदेखील छायाचित्रातील माणूस ओळखू येत नाही, असा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. नवीन लेन्स विकत घेण्यापूर्वी प्रकाशमापनाकडे पाहावे. दोष बहुधा तेथेच सापडतो.

विवेचनासाठी आपण संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्याचे उदाहरण घेऊ. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पालखीचे प्रस्थान होते. पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात आणि दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. आकुर्डीहून पालखी सकाळी निघते आणि चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी या मार्गाने पुण्यास जाते. काळेवाडीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला पवनेचा पूल ओलांडून, पिंपरी कॅम्पातून पुढे जाऊन रेल्वेमार्ग पार केला की हा रस्ता गाठता येतो. शुभ्र धोतर-सदरा, पांढरी टोपी आणि तिच्या सावलीत उन्हाने रापलेला सावळा चेहरा : छायाचित्रकाराची याहून अवघड परीक्षा शोधूनही सापडणार नाही.

५.२ प्रकाशमापक काय मोजतो?

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. समोर धोतर आहे की घोंगडी, हे त्याला समजत नाही. तो एक गृहीत धरून चालतो : समोरील दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे. हे गृहीत किती फसवे आहे, हे वाचून पटणार नाही. करून पाहावे लागेल.

गच्चीवरील दोरीवर एक पांढरे धोतर किंवा चादर वाळत घालावी आणि शेजारी काळी छत्री उघडून ठेवावी. ऊन-सावलीचा खेळ चालू नसेल अशी वेळ निवडावी. मापनपद्धती ‘सेंटर-वेटेड’ व मोड ‘ए’ किंवा ‘एव्ही’ ठेवावा. प्रथम केवळ धोतराने चौकट भरून छायाचित्र घ्यावे, नंतर केवळ छत्रीने. पडद्यावर दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असता धोतर मळकट करडे आणि छत्री फिकट करडी दिसेल. कॅमेऱ्याने दोहोंना एकाच पातळीवर आणले आहे. आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन धोतरासाठी +१.५ आणि छत्रीसाठी -१.५ करून पुन्हा छायाचित्रे घ्यावीत. पांढरे पांढरे व काळे काळे दिसू लागेल. पांढऱ्यासाठी प्रकाश वाढवावयाचा आणि काळ्यासाठी कमी करावयाचा, हे प्रथम उलटे वाटते. ते मनात बसेपर्यंत हा प्रयोग दोन-तीनदा करावा.

दिंडीसमोर नेमके हेच घडते. चौकटीचा बराचसा भाग पांढऱ्या वस्त्रांनी व्यापलेला असल्याने कॅमेरा प्रकाश कमी करतो. वस्त्रे करडी होतात आणि चेहरे काळवंडतात. प्रस्तुत लेखकाची पहिल्या वर्षीची छायाचित्रे अशीच होती. टाळ, पताका, तुळशीवृंदावन सारे स्पष्ट होते. माणसे मात्र ओळखू येत नव्हती.

५.३ सावळा चेहरा आणि परदेशी नियम

कॅमेऱ्याचे तंत्र सर्व वर्णांच्या माणसांना सारखेच अनुकूल होते, असे म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचे चित्र असे आणि ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची कांती नीट उमटली की छपाई योग्य मानली जाई. डिजिटल तंत्राने ते कार्ड मागे टाकले, पण पुस्तकांतून काही सवयी उरल्या. चेहऱ्यावरून स्पॉट मापन करावे आणि एक स्टॉप वाढवावा, हा प्रसिद्ध नियम मध्यम करड्यापेक्षा उजळ असलेल्या गोऱ्या कांतीसाठी आहे. आपल्याकडील सावळी कांती मध्यम करड्याच्या आसपास किंवा किंचित गडद असते. म्हणून वारकऱ्याच्या गालावरून घेतलेले माप जसेच्या तसे वापरावे, फार तर अर्धा स्टॉप कमी करावे. चेहरा उजळवून ‘गोरा’ करणे ही दुरुस्ती नव्हे. तो दुसरा दोष आहे.

मात्र चेहऱ्यासाठी प्रकाश वाढवला की उन्हातील सदरा पूर्ण पांढरा होऊन त्यावरील चुण्या नाहीशा होण्याची भीती असते, आणि एकदा गेलेला तपशील परत आणता येत नाही. हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पाहत राहावे. शक्य असल्यास रॉ स्वरूपात छायाचित्रे घ्यावीत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. सावलीतील चेहरा नंतर थोडा उजळण्यास त्यामुळे वाव राहतो.

५.४ रस्त्याची बाजू

आकुर्डीकडून येणारी दिंडी पिंपरीत आग्नेयेकडे तोंड करून चालत असते. आषाढीच्या सुमारास सकाळचा सूर्य ईशान्य-पूर्वेस असतो, म्हणजे वारकऱ्यांच्या डाव्या हाताला आणि थोडा पुढे. काळेवाडीहून येणारा विद्यार्थी रस्त्याच्या नेमक्या विरुद्ध, नैर्ऋत्येच्या बाजूस पोहोचतो. तेथून चेहऱ्यांची सावलीतील बाजू आणि मागे चकाकणारे आकाश दिसते. पालखी येण्यापूर्वीच रस्ता ओलांडून ठेवावा. नंतर गर्दीत ते जमत नाही. आभाळ भरून आले असेल तर बाजूचा प्रश्न उरत नाही. ढगांमुळे प्रकाश मऊ होतो आणि टोपीखालचे डोळेही दिसतात. म्हणून पावसाळी दिवसाला कंटाळू नये, प्लास्टिकची पिशवी मात्र जवळ बाळगावी.

कडक उन्हात फ्लॅश वापरावा काय? प्रस्तुत लेखकाचे मत नकारार्थी आहे. दिंडीतील पुढच्या ओळीचे पांढरे सदरे मागच्या ओळीच्या चेहऱ्यांवर प्रकाश परत फेकतात. दोन ओळींतील अंतर कमी होण्याची वाट पाहावी, हा परावर्तक फुकट मिळतो. चालणाऱ्या माणसांसाठी १/२५० सेकंद पुरे, पावली खेळणाऱ्यांसाठी १/५०० ठेवावा. ढगाळ हवेत ५५ मिमी, एफ/५.६ या किट लेन्सवर त्यासाठी आयएसओ ४०० ते ८०० लागतो. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्या लेन्सच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते; ती पहाटे किंवा मंदिराच्या मंडपात खऱ्या उपयोगाची. परवानगी असेल तरच, हे सांगावयास नको.

अगदी जवळून चेहरा टिपावयाचा असल्यास ‘माउली, फोटो काढू का?’ एवढे विचारावे. अनेकदा उलट प्रश्न येतो : ‘मला कसा मिळणार?’ क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच आठवड्यात छायाचित्र पाठवावे. काही घरांत भिंतीवर लागणारे आजोबांचे ते एकमेव चांगले छायाचित्र असू शकते.

५.५ स्वाध्याय

गच्चीवरील धोतर व छत्रीचा प्रयोग करून चारही छायाचित्रांचे शटरवेग नोंदवा. त्यानंतर घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस पांढऱ्या वेशात दाराच्या उंबरठ्यावर बसवून तीन छायाचित्रे घ्या : कॉम्पेन्सेशन शून्य, +१, आणि गालावरून स्पॉट मापन. तिन्ही चित्रे त्या व्यक्तीस दाखवा. तिने कोणते निवडले आणि त्याचे काय कारण सांगितले, हे तिच्याच शब्दांत १०० शब्दांपर्यंत लिहा.