मधुमेह नियंत्रण : संगणकीय नोंदींचे अर्थशास्त्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. त्यांतील बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो. तो सुरुवातीस फारसा त्रास देत नाही. त्यामुळे उपचारांत खंड पडतो आणि पुढे डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची हानी होते.

जबलपूरचे उदाहरण घेऊ. येथे १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मंडला, दिंडोरी यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील रुग्णांना तज्ज्ञ उपचारांसाठी या शहराचा आधार वाटतो. परंतु मजुरीवर जगणाऱ्या रुग्णाला प्रत्येक फेरीत प्रवासखर्चाबरोबर दिवसाच्या मजुरीवरही पाणी सोडावे लागते. औषध मोफत मिळाले तरी हा खर्च उरतोच.

संगणकीय प्रणालीचा उपयोग येथे होऊ शकतो. ग्लुकोमीटरवरील आकडा भ्रमणध्वनीद्वारे प्रणालीत नोंदवला जातो आणि दूरच्या डॉक्टरांना तो तारीख-वेळेसह दिसतो. सर्वसाधारण प्रौढ रुग्णासाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० पेक्षा कमी (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हे उद्दिष्ट मानले जाते. एचबीए१सी चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. साखर नेमकी केव्हा वाढते हे मात्र वेळेनुसार केलेल्या नोंदींवरूनच कळते.

तथापि केवळ नोंदी वाढवून भागत नाही. इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांच्या घरगुती चाचण्यांचा कॉक्रेनने २०१२ मध्ये आढावा घेतला. त्यात सहा महिन्यांपर्यंत अल्प लाभ दिसला. वर्षाअखेर तोही ओसरला. माहितीमुळे निर्णय बदलला, तरच तिला मूल्य प्राप्त होते, हे अर्थशास्त्रीय तत्त्व येथेही लागू पडते.

हिशोब साधा आहे. रोज एक चाचणी केल्यास वर्षाला ३६५ पट्ट्या लागतात. त्याऐवजी दरमहा सल्ल्यापूर्वी तीन दिवस, रोज दोन चाचण्या केल्यास ७२ पट्ट्या पुरतात. खर्च एक-पंचमांशावर येतो आणि प्रत्येक आकडा डॉक्टरांच्या नजरेखालून जातो. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र चाचण्यांची संख्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेमुळे गावच्या आरोग्य केंद्रातून दूरस्थ सल्ल्याची सोय झाली आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्या नोंदी केंद्रातील कर्मचाऱ्यांनी घ्याव्यात, त्यासाठी रुग्णाची संमती असावी आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीवर सोपवावी. प्रणालीचे यश साठवलेल्या आकड्यांवरून मोजू नये. किती रुग्णांचे उपचार वेळीच बदलले आणि किती फेऱ्या वाचल्या, हीच तिची खरी कसोटी होय.