जुन्या दगडी घराला सिमेंट का नको?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात बायबरी नावाचे एक खेडे आहे. तेथील 'आर्लिंग्टन रो' ही दगडी घरांची रांग तुम्ही एखाद्या कॅलेंडरवर पाहिलीही असेल. सुमारे १३८० साली एका मठाचे लोकरीचे कोठार म्हणून ही इमारत बांधली गेली. सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची बिऱ्हाडे आली. सहाशेहून अधिक वर्षे पाऊस आणि थंडी सोसून ती टिकली कशी?

आधी छप्पर पाहा. ते चांगलेच उभट असते. दगडी कौले खडबडीत, त्यांच्या फटींतून पाणी आत येण्यापूर्वीच ते खाली वाहून गेले पाहिजे. वळचणीला मोठी कौले, आढ्याकडे लहान. ही कौले बनवण्याची रीत मोठी मजेदार होती. त्याच बाजूच्या स्टोन्सफील्ड गावी खाणीतला दगड ओला ठेवून हिवाळ्यात उघड्यावर मांडत. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दगडाच्या थरांत शिरलेले पाणी गोठले, की थर सुटे होत. फुकटचा पाथरवटच म्हणा ना!

भिंतीचा मात्र हा पाथरवट वैरी. भिंतीत असतो चुनखडक. भिंगातून पाहिल्यास त्यात माशाच्या गाभोळीसारखे गोल दाणे दिसतात. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो. तेव्हा भिंत भिजणारच. प्रश्न आहे तो ती वाळण्याचा. म्हणून दरजांत चुना भरलेला असतो. (आपल्या जुन्या वाड्यांतही चुनाच असे.) चुना दगडापेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र. ओल त्याच्यातून बाहेर पडते, तिच्यातले क्षारही तेथेच साचतात. काही वर्षांनी चुना भुसभुशीत होतो. तो खरवडून नवा भरायचा. झिजणे हेच त्याचे काम! दगड शाबूत राहतो.

विसाव्या शतकात अनेक जुन्या घरांच्या दरजा 'मजबूत' सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंटमधून ओल सहज जात नाही. मग ती दगडातूनच वाट काढते. क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागात वाढतात, थंडीत तेथलेच पाणी गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आता जाणकार गवंडी अशा घरांना पुन्हा चुनाच वापरतात. एखाद्या जुन्या भिंतीत सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या आणि दगड आत गेलेला दिसला, तर तेथे काय घडले असेल, हे तुम्हाला ओळखता येईल.