मोठ्या सभेहून घरी काय न्यावे?

पाठ : नहेम्या, अध्याय ८ वा

केरळात मारामोन येथे पंपा नदीच्या वाळवंटात मार थोमा मंडळीची मोठी सभा भरते. तिचा आरंभ १८९५ साली झाला. दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात आठ दिवस लोक तेथे मांडवाखाली देवाचे वचन ऐकावयास जमतात. सभा संपली म्हणजे मांडव उतरतो, व पावसाळ्यात ती वाळू पाण्याखाली जाते. उरावयाचे ते श्रोत्यांच्या अंतःकरणातच उरावयाचे. आपल्या इकडील सभांचीही गोष्ट हीच आहे.

परंतु पुष्कळांच्या ध्यानात वक्त्याचा आवाज व एखादा मौजेचा दाखला एवढेच राहते. शेजारणीने "तिकडे काय सांगितले?" असे विचारले, तर "भाषण फार सुरेख झाले" यापलीकडे उत्तर सुचत नाही. मग वाटखर्च करून गेलेला रिकाम्या हाताने परततो, आणि जिला जाता आले नाही ती विधवा उपाशीच राहते.

आता आपला पाठ पाहू. यरुशलेमात पाणीवेशीपुढील चौकात स्त्रीपुरुष जमले, आणि एज्रा शास्त्र्याने सकाळपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचले. येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्या.

१. लेव्यांनी लोकांस वचनाचा अर्थ समजावून दिला. उपदेशक बंधूंनो, सभेनंतर गावोगावी हे काम तुमचे आहे.

२. लोक रडू लागले, तेव्हा ज्यांच्या घरी काही सिद्ध नव्हते त्यांस अन्नाचे वाटे पाठवा, असे त्यांस सांगण्यात आले. खरा कळवळा शेजाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचतो.

३. दुसऱ्याच दिवशी घराण्यांचे मुख्य पुन्हा शिकावयास आले. मांडवांच्या सणाची आज्ञा आढळताच लोकांनी डाहळ्या आणून मांडव घातले. ऐकणे व करणे यांत त्यांनी फार दिवस जाऊ दिले नाहीत.

म्हणून आमची विनंती अशी की, सभेहून परतल्यावर तेथे वाचलेला शास्त्रभाग घरच्या प्रार्थनेत पुन्हा वाचावा. त्यातील एकच शिकवण निवडावी, व तदनुसार त्याच आठवड्यात एक काम करावे. भावाशी धरलेला अबोला सोडावा, किंवा थकलेले देणे फेडावे. मग आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून ती शिकवण त्यास सांगावी. आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्याचा दाखला याकोबाने दिला आहे. तो आपणांस लागू न पडो.

मनन करण्यासाठी प्रश्न : मागील सभेतील कोणते वचन आज तुमच्या घरात आचरणात आहे?