आधी रूळ, मग तार, शेवटी डिकोडर

देहूरोडच्या फलाटावर पुणे–लोणावळा लोकल येते तेव्हा वरच्या तारेत वीज पूर्ण दाबाने असतेच. गाडी किती पळवायची, कुठे थांबवायची, ते मोटरमन गाडीत बसून ठरवतो. छोट्या रेल्वेच्या जुन्या पद्धतीत याच्या नेमकं उलट होतं. रुळात जेवढे व्होल्ट तेवढा वेग. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम सुटायची. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आल्यावर खेळ खऱ्या रेल्वेच्या जवळ गेला. रुळात कायम 14–15 व्होल्ट, त्याच विजेत आदेश, आणि इंजिनाच्या पोटातला डिकोडर फक्त आपल्या नंबरचा आदेश पाळतो. पाया जर्मनीच्या लेन्झ कंपनीने घातला, अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेने 1990च्या दशकात त्याचं मानक केलं. म्हणून आज एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो.

मी चाकणच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंगची आणि मेंटेनन्सची कामं करतो. घरी आतल्या खोलीत एचओ मापाची, म्हणजे 1:87ची रेल्वे मांडली आहे. तिच्यावर काम करता करता जे हाती लागलं ते लिहितो.

1. खरेदीआधी पुण्याला जाऊन या. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998पासून आहे. एका माणसाच्या ध्यासातून केवढं उभं राहतं ते तिथे दिसतं. गाड्या सगळेच बघतात. तुम्ही सांधे बघा, सिग्नल बघा, वळणावर चाक कसं बसतं ते बघा.

2. डिकोडर बसवण्याआधी इंजिन साध्या डीसीवर चालवा. कुरकुरत असेल तर साफ करा, तेल द्या. मग क्षणभर चाकं दाबून धरा आणि मोटर किती करंट ओढते ते मीटरवर पाहा. एचओचे नेहमीचे डिकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. जुनी मोटर त्याच्या वर गेली तर डिकोडर टिकणार नाही. रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची कॉमन. मोटरचं एकही टोक सांगाड्याला लागता कामा नये. जुन्या इंजिनांत एक ब्रश सर्रास सांगाड्यालाच टेकलेला असतो. कंटिन्युइटीवर मीटर लावा. बीप वाजला तर आधी मोटर वेगळी करा.

3. फिशप्लेटवर भरवसा ठेवू नका. त्या रूळ सरळ धरतात, करंटची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी, म्हणजे बस वायर, फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यावरून फीडर सोल्डर करा. या तारेचा रोध मीटरला साधारण 0.012 ओहम. जाऊन-येऊन सहा मीटर तार आणि तीन अँपिअर करंट धरला तरी पाव व्होल्टही पडत नाही. पॅनेलमध्ये फेरूलवर नंबर घालतो तसे इथेही घाला.

मग पक्कड घ्या आणि दोन्ही रुळांवर आडवी ठेवा. बूस्टर, म्हणजे रुळाला वीज पुरवणारा भाग, लगेच ट्रिप व्हायला हवा. टेबलभर, दर हातभर अंतरावर हे करा. एखाद्या ठिकाणी ट्रिप झाला नाही तर त्या भागात गाडी सोडूच नका. हिशेब साधा आहे: 15 व्होल्ट, 5 अँपिअरचा बूस्टर. वाटेतला रोध 3 ओहमच्या वर गेला की शॉर्ट होऊनही 5 अँपिअर भरत नाहीत. 4 अँपिअर निवांत वाहत राहतात, म्हणजे 60 वॉट, आणि ती उष्णता ढिल्या जोडांत नि चाकांत मुरते. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात ते यामुळे. ही एक परीक्षा कुणीही टाळू नये.

4. मीटरचा आकडा जपून वाचा. साधा मल्टिमीटर 50 हर्ट्झसाठी बनवलेला असतो. डीसीसीत ‘एक’ हा बिट 58 अधिक 58 मायक्रोसेकंदांत संपतो, ‘शून्य’ला किमान 100 अधिक 100 लागतात, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा उलटापालट. 13.1 दिसले की 14.6, याला अर्थ नाही. त्याच मीटरने बूस्टरपाशी काय दिसलं आणि लांबच्या टोकाला काय दिसलं, एवढंच ताडून पाहा.

5. नवं इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवू नका. प्रोग्रॅमिंगचा तुकडा वेगळा असतो आणि तिथे करंट मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो, म्हणून तार उलटसुलट लागली तरी डिकोडर बहुधा वाचतो. नव्या डिकोडरचा नंबर 3 असतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा कप्पा: सीव्ही 1 म्हणजे छोटा नंबर, 17 आणि 18 मिळून मोठा, 29मध्ये सगळी ठेवण. भारतीय रेल्वेच्या इंजिनांवर पाच आकडी क्रमांक असतात आणि डीसीसीत 10239च्या पुढे जाता येत नाही. शेवटचे चार आकडे घ्यावेत. मोठा नंबर भरूनही इंजिन हलत नसेल तर सीव्ही 29 वाचा. तिथे 6 असेल तर ते अजून छोट्या नंबरवरच आहे. 38 करा. सगळंच गुंतलं तर बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही 8मध्ये 8 लिहिलं की कारखान्यातली मूळ स्थिती परत येते.

आमच्याकडचा एक मुलगा फोन करतो, “काका, डिकोडर गेला वाटतं. वाचतच नाही.” मी म्हणतो, “आधी चाकं पूस.” वाचलेल्या आकड्याला होकार देताना डिकोडर 6 मिलिसेकंदांसाठी मोटरमधून थोडा जास्त करंट ओढतो. चाकावर काजळी असली की तो झटका कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. अर्ध्याहून जास्त वेळा पुसल्यावर काम होतं.

6. शॉर्ट सापडत नसेल तर निम्म्या रुळाची वीज तोडा. बस वायर मध्यावर सुटी करता येईल असा टर्मिनल ठेवा. शॉर्ट कुठल्या निम्म्यात आहे ते कळलं की त्याचं पुन्हा निम्मं. आमच्या कारखान्यातल्या लांब केबल ट्रेवर हेच करतात.

7. ठरावीक इंजिन ठरावीक सांध्यावरच बूस्टर पाडत असेल तर खोलीतला दिवा मालवून बघा. मला हे घाटातल्या सहा चाकी बोगीच्या इंजिनाने शिकवलं. बाकी सगळी इंजिनं त्या सांध्यावरून सुरळीत जात होती. अंधारात डोळा रुळाच्या पातळीला आणला आणि इंजिन अगदी हळू सोडलं. फ्रॉगच्या टोकाला, जिथे दोन वेगळ्या बाजूंचे रूळ केसभर अंतरावर येतात, तिथे निळसर ठिणगी उडाली. रुंद चाकाचा काठ क्षणभर दोन्ही रुळांना टेकत होता. जुन्या डीसीवर असला क्षणाचा शॉर्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. बूस्टर मात्र काही मिलिसेकंदांत वीज तोडतो. त्या दोन टोकांवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावला. थर झिजला की पुन्हा लावायचा. तरीही भागत नसेल तर चाकांमधलं अंतर गेजने तपासा.

8. वळसा घालून गाडी त्याच रुळावर परत येते तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. हा शॉर्ट मांडणीतच आहे, वायरिंगमध्ये शोधू नका. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा आणि मधल्या भागाला ऑटो रिव्हर्सर द्या. तो भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. डीसीसीत रुळाची बाजू बदलली तरी गाडीची दिशा बदलत नाही, म्हणून चालत्या गाडीखाली हे बिनबोभाट होतं.

9. बँकर लावायचे तर वेग जुळवा. कर्जत–लोणावळा घाटात चढ 1:37चा आहे आणि तिथे गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. टेबलावर आठ फुटांत साधारण साडेसहा सेंटिमीटर चढलं की तोच चढ. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा वेगवान असेल तर वळणावर मधले डबे बाहेर फेकले जातात. आधी सीव्ही 3 आणि 4 शून्य करा, मग 2, 6 आणि 5 बदलत दोन्ही इंजिनं बरोबर चालतील असं करा. त्यानंतरच सीव्ही 19मध्ये जोडीचा नंबर द्या. उलट्या तोंडाने लावलेल्या इंजिनाला त्यात 128 मिळवा. या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या. तिचं समाधान वेगळंच आहे.

10. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा ओली असते, त्यात कारखान्यांची आणि रस्त्याची धूळ. पितळी रूळ लवकर काळवंडतात, निकेल सिल्व्हरचे टिकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरे. पॉलिश पेपरने घासू नका, चऱ्यांमध्ये काजळी जास्त बसते. गुरुवारी वीज जाते ती परत येताना झटका देते, त्याआधी प्लग काढून ठेवा.

11. महागडा कंट्रोलर परवडत नाही म्हणून थांबू नका. डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर चालतं. साध्या शील्डमधून दोनेक अँपिअर मिळतात, सुरुवातीला पुरतात. वायफायचा तुकडा जोडला की फोनवरच्या मोफत अ‍ॅपने गाडी चालते. संगणक जोडायचा तर जेएमआरआय हे सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक इंजिनाचे सीव्ही साठवून ठेवता येतात.

देहूरोडपासून आकुर्डी, भोसरी, चाकणपर्यंत पॅनेल, पीएलसी आणि सेन्सरवर रोज हात चालवणारी माणसं घरोघरी आहेत. या छंदाला लागणारं निम्मं कौशल्य तुमच्याकडे आधीच आहे. एक छोटा ओव्हल, एक इंजिन आणि एक मल्टिमीटर घेऊन सुरू करा. आणि घरातल्या मुलामुलींना नुसतं बघायला उभं करू नका, मीटरची टोकं त्यांच्या हातात द्या.