घरून निघतानाच आपला हमीभाव ठरवा

ऑक्टोबर २०१९ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो. वाशिमला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागासाठी मुलाखत होती. व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रॉइंगमधला टॉलरन्स, सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट दिली. शेवटी एचआरच्या मॅडमनी विचारलं, "पगाराची अपेक्षा काय आहे?"

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही द्याल ते."

त्यांनी कागदावर २,४०,००० लिहून कागद माझ्याकडे फिरवला. मी लगेच हो म्हटलं. गेटच्या बाहेर येऊन बाबांना फोन लावला, "महिन्याला वीस हजार." बाबांनी संध्याकाळी अर्ध्या गल्लीला पेढे वाटले.

पहिल्या पूर्ण महिन्याचा पगार खात्यात जमा झाला, १५,६४९ रुपये. हिशोबात चूक झाली असेल असं वाटून स्लिप घेऊन गेलो. चूक नव्हती. कागदावरचा आकडा सीटीसी होता, म्हणजे कंपनीला मी वर्षाला केवढ्याला पडतो तो. त्या वीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटी ४८१, बोनस ५८३ आणि कंपनीचा ईएसआय ५५८ आधीच बाजूला काढलेले. उरले १७,१७८. त्यातून माझा पीएफ १,२००, ईएसआय १२९ आणि व्यवसाय कर २०० कापला. यातलं काहीच बेकायदा नव्हतं. पीएफ माझ्याच नावावर साठत होता, बोनस वर्षाअखेरीला मिळणार होता. ग्रॅच्युइटी मात्र तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं टिकलो तरच हातात येणार होती. पण कॉटचं भाडं आणि मेस १५,६४९ मधूनच भागवायची होती, आणि घरी पाठवायचे पैसे मी वीस हजार धरून कबूल केले होते.

त्याहून मोठी गोष्ट दिवाळीनंतर कळली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा, माझ्याच वर्षीचा, डिप्लोमाही तोच, ३,२०,००० वर लागला होता. त्याचा मामा चाकणमध्येच नोकरीला. मामाने त्याला या कामाला काय मिळतं ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याने आकडा सांगितला आणि तो मान्य झाला. पगारवाढ टक्क्यांत होते. दोघांनाही दरवर्षी आठ टक्के मिळाले, तरी ८०,००० चा फरक तीन वाढींनंतर लाखावर गेला. एका वाक्याचं नुकसान मी वर्षानुवर्षं भरत राहिलो.

ते वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं, याचा मी खूप विचार केला आहे. लहानपणापासून बाबांबरोबर बाजार समितीत सोयाबीन घेऊन जायचो. व्यापारी पोत्यात हात घालणार, मूठभर दाणे तळहातावर घोळवणार, ओल आहे, माती आहे म्हणणार आणि भाव बोलणार. माल आपला आणि भाव दुसऱ्याने सांगायचा, हे आमच्या अंगवळणी पडलं आहे. तरी बाबांना हमीभाव पाठ असायचा. मी पुण्याला गेलो त्या हंगामात तो क्विंटलला ३,७१० रुपये होता. भाव पडला तर किती पडला हे त्यांना कळत होतं. मी तेवढंही माहीत करून न घेता पुण्याला गेलो होतो.

म्हणून मुलाखतीला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आपला हमीभाव घरूनच ठरवून निघा. त्याच भागात, त्याच कामावर असलेल्या निदान तिघांना पगार विचारा. मग खोली, जेवण, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे वहीत मांडा. एवढ्यावरून दोन आकडे हाती येतात, एक मागायचा आणि एक ज्याच्या खाली जायचं नाही असा. दुसरा आकडा मनात ठेवा. पगाराचा विषय आपण होऊन लवकर काढू नये. काम समजून घ्या, विचारल्यावर मात्र अडखळू नका. "या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे" एवढं शांतपणे म्हणा आणि थांबा. समोरचे गप्प राहिले की आपल्याला घाई होते आणि आपणच आकडा खाली आणतो. माझ्याकडून हेही एकदा झालं आहे.

त्यांनी आकडा सांगितला की लगेच विचारा, "यातले हातात किती येतील?" ठरलेला भाग किती, कामगिरीवर अवलंबून किती, शिफ्टचे वेगळे मिळतात का, बॉण्ड आहे का, हेही. व्यवसाय कराबाबत मुलींनी एक लक्षात ठेवावं: महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. स्लिपवर कापलेला दिसला तर विचारा.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी सध्याचा पगार विचारतील. फुगवून सांगू नका. स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात आणि खोटं सापडलं तर हातची नोकरी जाते. खरा आकडा सांगा, पण मागणी नव्या कामाच्या मोलावर करा. आणि तोंडी शब्दावर जुनी नोकरी सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागण्यात संकोच कसला?

शेवटचं सांगणं पुण्या-मुंबईत आधी पोचलेल्या आमच्याकडच्या पोरांना. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मामा होता. मालेगाव, शिरपूर, मेडशीच्या बहुतेक पोरांना असा मामा नसतो. त्यातला कोणी फोन करून "दादा, पगार किती मिळतो?" विचारेल, तेव्हा "बरा आहे" म्हणून टाळू नका. आकडा सांगा.